पियानोची धून घरी रचताना डावा हात गढूळ का होतो?

फुटका_भाता

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

शाळेत पेटी शिकलो, गांधर्वच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, पुढे कॉलेज आणि नोकरीत ते सुटलं. आता पियानोच्या छोट्या धुना रचायचा नाद लागलाय. क्लास लावलेला नाही, पाश्चात्त्य नोटेशन वाचता येत नाही. सामान म्हणजे ६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (स्वतः आवाज न काढता कोणती पट्टी किती जोरात दाबली ते लॅपटॉपला कळवणारा), लॅपटॉप, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि त्यात सॅलमँडर ग्रँड हा फुकट मिळणारा पियानो. खोली दहा बाय अकराची. त्यात पलंग, कपाट आणि मी.

धुना बहुतेक यमन, भूप, दुर्गा यांच्या अंगाने जाणाऱ्या. उजव्या हातात चाल, डाव्यात कॉर्ड. हेडफोनवर ऐकलं की स्वतःच स्वतःला दाद देतो. तीच फाइल गाडीत लावली की डाव्या हाताचा नुसता घुमारा होतो आणि चाल त्यात बुडते. ईक्यूने (आवाजातला खालचा-वरचा भाग वेगवेगळा कमी-जास्त करायची सोय) २५० हर्ट्झच्या आसपास खाली ओढून पाहिलं, तर सगळाच पियानो किरटा झाला. रिव्हर्ब (सभागृहातल्यासारखी गूंज) काढला की कोरडं, घातला की आणखी गढूळ.

शिवाय सगळे सूर एकाच वजनाने आल्यासारखे वाटतात. आणि पट्टी दाबल्यावर सूर किंचित उशिरा येतो, त्यामुळे लय धरवत नाही.

डाव्या हातात नेमकं काय ते सांगतो. सा पांढरी एक (म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, पाश्चात्त्यांचा सी). कीबोर्डवरच्या सगळ्यात खालच्या सा पासून सा-ग-प एकत्र, पेडल दाबलेलं. कोणता प्लगिन घालू?

अवांतरवाला

दहा बाय अकरात पलंग, कपाट आणि ग्रँड पियानो! फोटो टाका.

(मलाही हाच त्रास आहे. वाचतोय.)

मंद्रसप्तक

भाता, कोणताच प्लगिन घालू नका. तुम्ही विचारलंय मिक्सिंगबद्दल, पण दुखणं रचनेत आहे.

तुमचा खालचा सा साधारण ६५ हर्ट्झचा, त्याच्या वरचा ग ८२ चा. मध्ये अंतर १७ हर्ट्झ. इतक्या खाली इतके जवळचे दोन सूर कानाला धड वेगळे ऐकू येत नाहीत, त्यांची एकत्र घरघर ऐकू येते. तीच जोडी मध्य सप्तकात वाजवा. सा २६२, ग ३३०, अंतर ६८. तिथे ती गोड लागते. शिवाय पियानोच्या खालच्या जाड तारांना उपस्वर भरपूर असतात, ते एकमेकांवर आपटतात. पेडल दाबून ठेवल्यामुळे यातलं काहीच विझत नाही. तुम्ही २५० ला कापलंत तेव्हा थोडे उपस्वर आणि उजव्या हाताचं अंग गेलं. घरघर होती तिथेच राहिली.

उपाय फुकट आहे. ग ला एक सप्तक वर न्या. खाली सा, मग प, आणि त्यानंतरचा ग. म्हणजे ६५, ९८, १६५. हात पुरत नसेल, आणि बहुतेकांचा पुरत नाही, तर एकामागून एक वाजवा. जोडायला पेडल आहेच. तंबोरा लावलेला ऐकलाय ना? खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार निघतो तो तारेच्या मूळ सुराच्या पाचपट, म्हणजे दोन सप्तकांहूनही वर असतो. तारेतून आपसूक निघणारे सूर खाली विरळ आणि वर दाट असतात. डावा हात त्याच हिशेबाने लिहा.

आता सगळे सूर एकाच वजनाचे का वाटतात ते. तुम्ही पेटीवाले, तुमचा डावा हात आयुष्यभर भात्यावर. पट्टी जोरात दाबली काय, हळू दाबली काय, पेटीचा आवाज तेवढाच. लहान-मोठं करायचं काम भात्याचं. त्यामुळे बोटांना वजनाची सवयच नाही. आणि पेटीवर हवा आहे तोवर सूर टिकतो, पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून मरायला लागतो. रीपरमध्ये मिडी आयटम उघडून व्हेलॉसिटीच्या (पट्टी किती जोरात दाबली त्याच्या आकड्याच्या) काठ्या बघा. १ ते १२७ पर्यंत जागा असताना तुमच्या सगळ्या एका रांगेत उभ्या असतील.

चालीच्या काठ्या वर न्या, डाव्या हाताच्या १५-२० ने खाली. फेडर (ट्रॅकचा आवाज लहान-मोठा करायची दांडी) ओढून हे होत नाही. सॅलमँडरमध्ये सूर १६ वेगवेगळ्या जोरांनी रेकॉर्ड केलेले आहेत, हळू वाजवलं की आवाजाचा पोतच मऊ होतो. फेडरने नुसता आवाज लहान होतो, हातोडा जोरातच पडलेला असतो.

काळी_चार

मंद्रसप्तकांना +१.

उशिराचं सांगतो. विंडोज असेल तर रीपरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ड्रायव्हर एएसआयओ (आवाज कमी उशिराने पोहोचवणारा) निवडा. साउंड कार्ड नसेल तर एएसआयओ४ऑल हा फुकटातला चालतो. मग बफर (आवाज बाहेर पाठवण्याआधी लॅपटॉप साठवतो तो तुकडा) कमी करा. ४४.१ किलोहर्ट्झला बफर १०२४ असेल तर २३ मिलिसेकंद तिथेच गेले, बाकीचा उशीर वेगळा. २५६ ला साधारण ६ मिलिसेकंद. वाजवताना २५६ किंवा १२८ ठेवा. मिक्सिंगला बसलात की परत वाढवा, नाहीतर लॅपटॉप कुरकुरतो आणि आवाजात कट् कट् येतं. ब्लूटूथ हेडफोनने वाजवत असाल तर वरचं सगळं व्यर्थ. वायरवाला घ्या.

विसूकाका

मुळात प्रश्न असा की यमन पियानोवर वाजवायचाच कशाला? मींड (सुरावरून सुरावर न तुटता घसरत जाणं) नाही, श्रुती नाहीत. पियानोचा गंधार आपल्या गंधारापेक्षा चढा. तुम्ही कॉर्ड विरळ करा नाहीतर दाट करा, राग त्यात नाहीच. १९४० साली रेडिओने पेटी बंद केली ती उगाच नाही.

मंद्रसप्तक

काका, गंधार चढा आहे हे खरं. स्वयंभू गंधारापेक्षा १४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. पण ती तक्रार पेटीबद्दलही होती, आणि गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर यांनी त्याच पेटीतून काय काढलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकलं असेल. शिवाय भाता 'यमनच्या अंगाने' म्हणाले आहेत, मैफल करतो म्हणाले नाहीत.

विसूकाका

पेटी गाण्याच्या मागे असते, गंधार गवई लावतो. इथे मागे-पुढे पियानोच. असो. चालू द्या.

म्हापशेकर

काकांच्या मुद्द्यात दम आहे, पण हा झगडा जुना. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. त्यातले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंत गेले. संगीतकार चाल बांधायचा, ती बहुतेक वेळा कुठल्यातरी रागाच्या वळणाची. तिच्याखाली सुरावट रचून वाद्यवृंदासाठी लिहून काढणं हे सेबॅस्टियन डिसोझांसारख्या अरेंजरांचं काम. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात रागांवर आधारलेल्या स्वतःच्या वाद्यवृंद रचना घेऊन उभे राहिले होते. रागाच्या खाली काय वाजवायचं आणि काय वाजवायचं नाही, यावर या लोकांनी हयात घालवली. भाता घरी बसून करतायत ते त्यातलंच.

मींडेबद्दल एक युक्ती, ब्लूज वाजवणारे पियानिस्ट करतात ती. काळ्या पट्टीवरून बोट घसरून पांढरीवर येऊ शकतं, उलटं जमत नाही. म्हणजे कण (मुख्य सुराआधीचा निसटता स्पर्श) काळ्या सुराचा आणि मुक्काम पांढऱ्यावर अशी जागा शोधायची. भाता, तुम्ही सा पांढरी एक धरता तेव्हा यमनात काळी पट्टी एकच, तीव्र मध्यम. सा पांढरी पाच धरून बघा. आता तीव्र मध्यम काळी एकवर आला आणि निषाद काळी तीनवर. म प आणि नि सा, दोन्हीकडे बोट काळीवरून पांढरीवर ओघळतं. मींड नव्हे ती, पण टाइप केल्यासारखं तरी वाटत नाही.

घरी आजोबांच्या वेळचा अपराइट आहे. पावसाळ्यात आत छोटा बल्ब लावून ठेवतो, तरी जुलैमध्ये चार-पाच पट्ट्या फुगून अडकतातच. तुमचा सॅलमँडर बरा!

चिमणी

म्हापशेकर, काय सांगितलंत! आत्ताच करून पाहिलं. नि सा फारच छान लागतं.

रचना सुचत नाही म्हणणाऱ्या नवशिक्यांसाठी माझ्याकडून. फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. काळी तीनला सा मानलात तर भूप. काळी एकला सा मानलात तर त्याच पाच पट्ट्यांत दुर्गा. काळी पाचवरून मालकंस, काळी दोनवरून धानी, काळी चारवरून मधमाद सारंगाचे सूर. चुकीची पट्टी लागायची भीतीच नाही. डाव्या हाताने फक्त सा (मालकंसात सा आणि म) अधूनमधून ठेवत राहायचं. माझी आठवीतली मुलगी असंच करत करत रचायला लागली, आता मला बसू देत नाही.

फुटका_भाता

सगळ्यांचे आभार. ग वर नेला. बुवा, काय फरक पडलाय! ईक्यू पूर्ण बंद करूनही गाडीत चाल ऐकू येते. व्हेलॉसिटीच्या काठ्यांबद्दल मंद्रसप्तकांनी न बघता सांगितलं ते तंतोतंत: सगळ्या ९० ते १०० मध्ये.

आता पुढचं. भूपाच्या धुनेत डाव्या हातात कॉर्ड बदलायला गेलो की भूप राहत नाही, कुठलंतरी इंग्रजी बालगीत होतं. आणि एक विशिष्ट सूर, खालचा ध, माझ्या खोलीत भलताच घुमतो. हेडफोनवर नाही घुमत.

मंद्रसप्तक

बालगीत होणारच. भूपात म आणि नि नाहीत. पाच सुरांत तिहेरी कॉर्ड दोनच बसतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. तिसरा घ्यायला गेलात की बाहेरचा सूर आला. पाश्चात्त्य पद्धतीचा नेहमीचा 'चौथा-पाचवा-पहिला' (म, प आणि सा वरचे कॉर्ड) भूपात घालणं म्हणजे म आणि नि ला घरात घेणं. दुर्गात आणखी गंमत. तिथे ग नसल्यामुळे सा चा कॉर्डच होत नाही. म-ध-सा आणि रे-म-ध एवढेच. म्हणून दुर्गाखाली नुसती सा-प ची जोडी ठेवली की तो मोकळा, कशालाही न बांधलेला वाटतो.

यमनात जागा जास्त. रे-म-ध घ्या, म अर्थात तीव्र, आणि तळाशी सा तसाच धरून ठेवा. यमनचा रंग तिथे आहे. पण प-नि-रे च्या डोक्यावर सवयीने सातवा सूर चढवलात की शुद्ध मध्यम आला आणि यमन गेला. कीबोर्डवरची आयती साथ, ती ऑटो का काय, हेच करते. बंद ठेवा.

मी तर म्हणेन, कॉर्ड बदलायची घाई कशाला? तळाचा सूर तोच ठेवून वरचे दोन हलवले तरी बराच वेळ पुरतं.

पेडल मात्र बदलत राहा. नवा कॉर्ड वाजतो त्या क्षणी पाय वर, लगेच पुन्हा खाली. आधी पाय उचलून मग वाजवलंत तर मध्ये भोक पडतं. चालीत नि सा किंवा म प असा अर्ध्या सुराचा शेजार असेल आणि पेडल दाबलेलंच राहिलं, तर ते दोन सूर मागे भांडत राहतात.

काळी_चार

खोलीतल्या घुमाऱ्याचं. तुमची एक बाजू दहा फुटांची, म्हणजे ३ मीटर आणि थोडं वर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत अडकून फुगणारी लाट येते ५६ हर्ट्झच्या आसपास, मग तिच्या दुपटीला, तिपटीला. पांढरी सहा, म्हणजे तुमचा ध: तो खालच्या सप्तकात ५५ आणि त्याच्या वरच्यात ११०. ६१ पट्ट्यांत ११० चा आहे, तोच घुमत असणार. पियानोत दोष नाही, खोली खोटं बोलते आहे.

तेव्हा स्पीकरवर ऐकून तो ध ईक्यूने कापू नका, नाहीतर दुसऱ्यांच्या घरी तो गायब होईल. स्पीकर भिंतीपासून जमेल तेवढे पुढे ओढा, कोपऱ्यात तर नकोच. खोलीच्या बरोबर मधोमधही बसू नका. भिंतीला गोधड्या लावायचा सल्ला कोणीतरी देईलच. त्याने वरची किणकिण कमी होते, ५६ हर्ट्झला गोधडी कळतही नाही. खालचे सूर हेडफोनवर तपासा आणि चाल-साथीचा तोल स्पीकरवर.

अवांतरवाला

गोधडीचा सल्ला मीच देणार होतो.

फेडर_खाली

उशिरा आलो. मंद्रसप्तकांनी नव्वद टक्के मिक्सिंग मिक्सिंगच्या आधीच संपवलंय, उरलेल्यात माझी भर.

रिव्हर्ब पियानोच्याच ट्रॅकवर लावू नका. वेगळा ट्रॅक करा, पियानोतून तिकडे सेंड द्या (आवाजाची एक प्रत पाठवा), आणि त्या ट्रॅकवर रिव्हर्बच्या आधी ईक्यू लावून ३०० हर्ट्झच्या खालचं उडवा. आता डावा हात कोरडा आणि स्वच्छ राहतो, फक्त वरचे सूर सभागृहात जातात. कोरडं-की-गढूळ हा तुमचा पेच इथे सुटतो. प्री-डिले २०-३० मिलिसेकंद ठेवा, म्हणजे हातोड्याचा ठोका आधी येतो आणि शेपूट मागून.

पियानोच्या ट्रॅकवर तुमच्या सगळ्यात खालच्या सुराच्याही खाली, ४० हर्ट्झपर्यंत, काप द्या. बस्स. २५० ला अगदीच वाटलं तर दोन डेसिबल, जास्त नको. कंप्रेसर (मोठा आवाज दाबून चढ-उतार कमी करणारा) एकट्या पियानोला सहसा लागत नाही. व्हेलॉसिटी हाताने नीट केलीत तर तेच काम झालं. लावायचाच तर २:१, आणि अटॅक ३० मिलिसेकंदांच्या आसपास सैल, नाहीतर ठोका चेपतो.

मोनोमध्ये जरूर ऐका. बरेच सॅम्पल केलेले पियानो वादकाच्या जागेवरून पसरवलेले असतात, खालचे सूर डावीकडे, वरचे उजवीकडे. हेडफोनवर भव्य वाटतं. साध्या मोबाइलच्या एकाच स्पीकरवर दोन्ही बाजू एकमेकांत मिसळल्या की काही सूर पोकळ होतात. रुंदी ७० टक्क्यांवर आणा.

आणि आवडत्या एखाद्या पियानोच्या रेकॉर्डिंगशी तुलना कराल तेव्हा दोन्हींचा आवाज आधी सारखा करा. नाहीतर जे मोठं तेच चांगलं वाटतं.

चिमणी

कुणीतरी आवाजाच्या पातळीबद्दल सांगा ना. यूट्यूबवर टाकलं की आमचं फारच बारीक येतं. लेक म्हणते लिमिटर (ठरावीक पातळीवर आवाज अडवणारा) लाव. ऑनलाइन सगळे -१४ -१४ म्हणतात ते काय?

फेडर_खाली

-१४ एलयूएफएस. सरासरी किती मोठं ऐकू येतं याचं ते माप. यूट्यूब त्याहून मोठं असेल ते खाली आणतं, पण बारीक असेल ते वर उचलत नाही. स्पॉटिफाय उचलतं, तेही शिखरं आड येत नाहीत तोवरच.

एकट्या पियानोला मारून मुटकून -१४ ला आणायला जाऊ नका. हळू वाजवलेल्या जागा वर येतात आणि वरच्या जागा लिमिटरवर डोकं आपटतात, मग हातोड्याचा टोकदारपणा जातो. माझ्या कानाला -१८ च्या आसपास पियानो बरा वाटतो. शिखर -१ डेसिबलवर थांबवा. ऐकणारा आवाज वाढवेल की.

लेकीला सांगा, लिमिटर लावायचाच तर एखाद-दुसरं शिखर कापण्यापुरता.

म्हापशेकर

फेडर, एक अडचण. अपराइटचं राहू दे, भावाकडे डिजिटल पियानो आहे. त्याच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या साउंड कार्डात घालतो, तर मागे सतत हूंऽऽ येतं.

फेडर_खाली

चार्जर काढून फक्त बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. हूं गेलं तर अर्थिंगचा घोळ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, हूं ५० आणि १०० ला बसतं, म्हणजे नेमकं डाव्या हाताच्या सुरांत. ईक्यूने काढायला गेलात तर सूरही जातात. पियानो आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा आणि तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थ जोडलेलं आहे ना ते वायरमनकडून तपासून घ्या, जुन्या घरांत भोकं तीन असतात आणि तार दोनच.

त्यापेक्षा सोपं, पियानोला यूएसबी असेल तर आवाज रेकॉर्डच करू नका. मिडी घ्या आणि सॅलमँडरला वाजवू द्या. मिडीत हूं येत नाही, आणि हुकलेला सूर नंतर उचलून जागेवर ठेवता येतो. फक्त क्वांटाइझचं बटण पूर्ण दाबून सगळे सूर रेघेवर बसवू नका. अगदी लय सुटली असेल तिथे निम्म्यावर.

विसूकाका

हा धागा रोज वाचतोय. पांढरी पाचवरून ते नि सा नातवाच्या कीबोर्डवर वाजवून पाहिलं. मींड नाही ती. कण म्हणायला हरकत नाही.

भाता, धुनेचा दुवा टाका. ऐकल्याशिवाय किती बोलायचं?

फुटका_भाता

काका, टाकतो. यमनची पांढरी पाचवर नव्याने वाजवतोय, अजून पेडल नीट बसत नाहीये. म-प च्या जागी पाय उशिरा उठतो. शनिवारपर्यंत द्या.

अवांतरवाला

कोणता शनिवार ते लिहून घ्या रे.